मुलाची शाळा आणि आईचा दिवस

(चारोटी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हयातीचा मोठा भाग डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर शाळा चालविण्यात गेला, हे ध्यानी घेऊन आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे तो शाळेच्याही अलीकडचा, म्हणजे पाटी हाती येण्यापूर्वीच्या सहा वर्षांचा आहे. गरीब घरी जन्मलेल्या मुलाच्या त्या सहा वर्षांचा भार सरकारी तिजोरीने किती उचलावा, कोणत्या रीतीने उचलावा आणि तो उचलताना त्या मुलाच्या घराला कोठवर हात द्यावा, या प्रश्नाचा विचार महाराष्ट्रात कोठे करावयाचा झाला तर तो याच परिसरात करणे उचित होय; कारण आज देशाच्या कानाकोपऱ्यांत ज्या संस्थेला अंगणवाडी म्हणतात, तिची पहिली मांडणी येथून फार दूर नसलेल्या बोर्डीच्या आणि कोसबाडच्या भूमीत झाली. माझे प्रतिपादन एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे : लहान मुलाच्या शिक्षणाची घडी त्याच्या आईच्या श्रमाच्या दिवसाला धरून बसविली तरच ते शिक्षण मुलापर्यंत पोहोचते, आणि हे तत्त्व ज्या मुलखाने प्रथम प्रत्यक्षात आणून दाखविले, त्याच मुलखात आज त्याचा विसर पडू लागला आहे.

१९४५ हे साल या भागाच्या इतिहासात दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षीच्या २३ मे रोजी झरी येथे वारली आदिवासींची सभा भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार आणि लग्नगडीपणा या दोन्ही प्रथांचे जोखड झुगारून देण्याचा निर्धार झाला. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापोटी तरुण वारल्याने आपले आयुष्य जमीनदाराच्या दारी बांधून घ्यावे, त्याच्या मागोमाग त्याच्या बायकोने त्याच दारी राबावे, आणि दिवसाच्या आठही प्रहरांवर मालकाचा हुकूम चालावा, अशी ती रीत होती. ती मोडण्याची किंमतही मोजावी लागली. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती हुतात्मे झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. या दोन घटनांचे प्रवर्तक निराळे होते, मार्ग निराळे होते, राजकीय श्रद्धाही निराळ्या होत्या. तथापि आईबापांच्या दिवसावर दुसऱ्याची मालकी असेतो मुलाच्या बालपणाला स्वतंत्र अस्तित्व लाभत नाही, हे सत्य दोहोंच्याही मुळाशी होते, आणि म्हणूनच ती दोन कारणे मी आज एकत्र सांगत आहे.

ताराबाईंचा पूर्वेतिहास आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, पदवीधर झालेल्या आणि राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या या विदुषीने मानाची जागा सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहकारी म्हणून बालशिक्षणाची दीक्षा घेतली, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि पुढे दादरला शिशुविहार उभारले. शहरातील सुस्थित कुटुंबांत त्यांच्या कार्याची प्रतिष्ठा वाढत असतानाच, माँटेसरी पद्धती ही श्रीमंतांच्याच मुलांची मिरास होऊन राहणार काय, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला. आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या खेड्याकडे वळल्या. त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ या १९१० साली मोरगाव येथे जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या आणि स्वतःच्या जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या बाई होत्या. बोर्डीला त्या आल्या त्या पुन्हा परत गेल्या नाहीत. १९९२ साली कोसबाडलाच त्यांनी देह ठेवला.

या दोघींनी काय केले, याचे वर्णन पुष्कळदा भक्तिभावाने केले जाते आणि त्यामुळे त्यातील शास्त्र झाकले जाते. बोर्डीस बालवाडी सुरू झाली तेव्हा गावातील बऱ्या घरची मुले आली. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता त्या दलित आणि आदिवासी वस्त्यांतील मुले येईनात. एखाद्या सामान्य शिक्षणाधिकाऱ्याने अशा वेळी पालकांच्या उदासीनतेवर शेरा मारून दप्तर बंद केले असते. ताराबाईंनी मूल का येत नाही याची चौकशी त्याच्या दारात जाऊन केली, आणि आई पहाटे कामावर गेलेली, थोरली बहीण तान्ह्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखीत बसलेली, थोरला भाऊ गुरांमागे गेलेला, अंगावर धड वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, आणि ज्या गावात पाऊल टाकायचे तेथे अस्पृश्यतेची धास्ती, अशी साखळी त्यांना आढळली. मग त्यांनी शाळाच वस्तीत नेली. सारवलेल्या अंगणात मुले जमवावीत, त्यांची नखे काढावीत, डोकी विंचरावीत, हातपाय धुवावेत, आणि मग चिंचोके, शिंपले, खडे, पाने, फुले या फुकट मिळणाऱ्या साहित्याने मोजणे, जुळविणे, रांगा लावणे, आकार ओळखणे हा सगळा इंद्रियशिक्षणाचा क्रम चालवावा, असा तो परिपाठ होता. विलायतेहून मागविलेल्या पेटीतील लाकडी ठोकळ्यांनी जे साधावयाचे ते परसातल्या बियांनी साधते, हे त्यांनी सिद्ध केले, आणि त्यामुळे बालशिक्षणाचा खर्च गरीब देशाच्या आवाक्यात आला.

१९५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारल्यांच्या पाड्यांशी साक्षात संबंध आला, तेव्हा हाच विचार पुढे नेला गेला. गुरे राखणारी पोरे शाळेत येत नाहीत, तर जेथे गुरे चरतात तेथे शिक्षक जाईल, म्हणून कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून मुलगी येत नाही, तर तान्ह्यासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यासाठी बालवाडी आणि थोरलीसाठी प्राथमिक वर्ग ही तिन्ही एकाच आवारात असावीत, म्हणून विकासवाडीची योजना झाली. या योजनेकडे बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की तिचा आराखडा मुळी वयोगटांच्या कोष्टकावरून काढलेलाच नव्हता. सकाळी आई कामाला निघाल्यापासून सायंकाळी ती परतेपर्यंत त्या झोपडीतील प्रत्येक मूल कोठे असते, या एका प्रश्नावरून तो काढला होता.

अन्य देशांतही हाच अनुभव आलेला आहे. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत उघडले, ते आईबाप कामावर गेल्यावर इमारतीत मोकाट राहणाऱ्या मुलांची सोय म्हणून. लंडनच्या डेप्टफर्ड भागात मार्गारेट मॅकमिलन यांनी १९१४ साली उघड्या हवेतील शिशुशाळा काढली, तिच्यात न्हाणे, जेवण आणि झोप यांना पाठाइतकेच स्थान होते. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात १९६२ साली आरंभलेल्या पेरी शिशुशाळेच्या प्रयोगात दरिद्री कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले निवडून त्यांतील काहींना शाळेची सोय दिली गेली, आणि त्यांच्या शिक्षिका दर आठवड्यास घरी जाऊन आईबरोबर बसत. ती मुले चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला, तेव्हा ज्यांना ही सोय मिळाली त्यांचे शिक्षण अधिक झालेले, कमाई अधिक असलेली आणि गुन्ह्यांत सापडण्याचे प्रमाण कमी असलेले दिसून आले. १९६५ पासून त्या देशाच्या सरकारने हेड स्टार्ट या नावाने गरीब मुलांसाठी देशव्यापी योजना चालविली, तिच्यातही शिक्षण, आहार, आरोग्य आणि पालकांचा सहभाग ही अंगे आरंभापासून एकत्र राहिली.

आपल्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखाली देण्याची ही तजवीज, आणि त्या छपराचे नाव अंगणवाडी. पुढे लोकांच्या अन्नहक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात २००१ साली दाखल झालेल्या दाव्यात न्यायालयाने वेळोवेळी आदेश देऊन ही योजना सर्व वस्त्यांपर्यंत नेण्यास सरकारला भाग पाडले, आणि २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा कायदेशीर हक्क ठरला. मात्र शिक्षणाच्या बाबतीत पाऊल एवढे पुढे पडले नाही. मूळ संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात चौदा वर्षांखालील सर्व मुलांचा उल्लेख होता. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क मिळाला, आणि सहा वर्षांखालील मूल मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात, शासनाने प्रयत्न करावा अशा भाषेत, मागे राहिले. म्हणजे आज पाड्यावरच्या चार वर्षांच्या मुलीला जेवण हक्काने मिळते, आणि शिक्षण मात्र शासनाच्या मर्जीने.

कायद्यातील ही विषमता व्यवहारात कशी उतरते ते पाहू. अंगणवाडी सकाळी भरते आणि दुपारी सुटते. डहाणूच्या चिकूवाडीत तोडणीला जाणारी, तलासरीहून उंबरगावच्या कारखान्यांकडे निघणारी किंवा येथे चारोटी नाक्यावर मजुरीसाठी गाडीची वाट पाहणारी बाई उजाडता घर सोडते आणि दिवेलागणीला परतते. तिचे तीन वर्षांचे मूल अंगणवाडीत नेणार कोण, दुपारी घरी आणणार कोण, आणि अंगणवाडीत दिवसभर ठेवून घेतलेच जात नाही ते दीड वर्षांचे मूल सांभाळणार कोण? उत्तर आजही बहुधा तेच आहे, जे १९४५ साली ताराबाईंना मिळाले होते : घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी. एका मुलाच्या बालपणाची सोय दुसऱ्या मुलाच्या बालपणातून होते, आणि शाळेच्या हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत जातात.

तान्ह्या मुलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्याच दुधावर वाढवावे, हा उपदेश प्रत्येक आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेला असतो. संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला हा उपदेश पाळता यावा म्हणून २०१७ च्या दुरुस्तीने कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. मजुरी करणाऱ्या स्त्रीसाठी अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांची तरतूद केली. मातृवंदना योजनेखाली पहिल्या अपत्यास प्रत्यक्षात पाच हजार ठरले. दिवसाच्या मजुरीशी ही रक्कम ताडून पाहावी. सहा महिन्यांच्या मजुरीचा लहानसा अंशच तिने भरून निघतो. बाळंतीण महिन्या-दीड महिन्यात कामावर जाते ती तिला उपदेश ठाऊक नाही म्हणून जात नाही. घरात दाणे हवेत म्हणून जाते. महाराष्ट्राने आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस ताजे जेवण देण्यास सुरुवात केली, ही अत्यंत स्तुत्य गोष्ट होय. परंतु जेवण अंगणवाडीत आणि बाई कामावर, अशी ताटातूट जेथे होते तेथे उत्तम योजनाही अर्ध्या वाटेवर थांबते.

यात स्थलांतराची भर पडते. दिवाळी झाली की अर्धे पाडे रिकामे होतात. इकडचे लोक त्याला जगायला जाणे म्हणतात. बयाणा घेतलेली कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, पोरेबाळे घेऊन जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. या सहा-सात महिन्यांत मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि मूल भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे झोपडीत, असते. विधायक संसद या संघटनेने एके काळी भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून, आणि मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ पासून दिल्लीच्या बांधकामांवर पाळणाघरे चालवून, स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी काय करता येते ते दाखवून दिले आहे. लाभार्थ्याने आपल्या गावाबाहेरही आहार घ्यावा अशी मुभा आज कागदोपत्री आहे. पण भट्टीच्या हद्दीतील अंगणवाडी दोन-तीन किलोमीटर दूर असते आणि विटा थापण्याचे काम पहाटेच्या काळोखात सुरू होते, तेथे या मुभेचा उपयोग काय? मूल जेथे राहते तेथे सेवा पोहोचविणे हे सरकारचे कर्तव्य मानले, तर हंगामापुरती अंगणवाडी भट्टीवरच उघडली पाहिजे, आणि तिच्या जागेची, पाण्याची व सावलीची जबाबदारी भट्टीमालकावर कायद्याने टाकली पाहिजे.

आता ज्या व्यक्तीच्या खांद्यावर हा सारा डोलारा उभा आहे तिच्याकडे वळतो. वजनाच्या दिवशी एखाद्या अंगणवाडीत क्षणभर थांबून पाहावे. सेविका मुलाला मांडीशी घेते, डाव्या दंडाचे खांद्यापासून कोपरापर्यंतचे अंतर मोजून मध्यबिंदूवर खूण करते, हात सैल सोडायला लावते, आणि तीन रंगांची पट्टी त्या खुणेभोवती गुंडाळते. घट्ट ओढली तर आकडा फसवा, ढिली ठेवली तरी फसवा. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरापर्यंत पिवळा, त्याखाली तांबडा. तांबड्यात आलेल्या मुलाला ग्राम बालविकास केंद्रात दाखल करून घेणे, दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे भरविणे, आईला घरी जाऊन समजाविणे, गरज पडली तर कुटीर रुग्णालयापर्यंत सोबत करणे, ही कामे ती करते. आणि त्याच हाताने चिमुकल्यांना गाणी शिकवते, मदतनिसाने शिजविलेल्या आहाराचा हिशेब लिहिते, भ्रमणध्वनीवर पोषण ट्रॅकर भरते, पाड्यावर गृहभेटी देते. या कामात वैद्याची सावधगिरी, शिक्षिकेचे कसब आणि कारकुनाची चोख नोंद एकत्र लागते. तरीही सरकारच्या दप्तरी ती मानसेवी आहे, आणि तिला मिळते ते वेतन नसून मानधन आहे. केंद्राने २०१८ साली सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले, राज्याने त्यात आपली भर घातली. एवढ्याने पोट भरत नाही म्हणून २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस दीर्घ संपावर गेल्या. त्याआधी, २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क असल्याचे मान्य केले होते आणि कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य त्या बजावतात असे म्हटले होते. कर्तव्य कायद्याचे असेल, तर ते करणारी बाई सरकारची नोकर मानण्यास हरकत कोणती?

भाषेचाही विचार येथेच केला पाहिजे. वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी, कातकरी अशा घरांतून आलेले मूल आपल्या बोलीत गाते, भांडते आणि प्रश्न विचारते. पुस्तकी मराठी त्याच्या कानाला प्रथम परकी असते. अंगणवाडीची थोरवी ही की तेथील सेविका बहुधा त्याच गावची असते, आणि तिच्या तोंडून मुलाला घरचीच भाषा ऐकू येते. या गुणाचे रूपांतर जाणीवपूर्वक अध्यापनात व्हावे, बोलीतून प्रमाण भाषेकडे जाणारी पायवाट तिने हळूहळू घालून द्यावी, यासाठी तिला उत्तम प्रशिक्षण हवे. अनुताईंनी प्रा. रमेश पानसे यांच्यासमवेत १९८२ साली स्थापन केलेल्या ग्राममंगल संस्थेने याच डहाणू तालुक्यातील ऐने येथे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे जे काम केले, त्यातून या दिशेने पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

लहान मुलाचा हा भार सरकारने उचलण्यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते घेणारे लोक प्रामाणिक असतात, म्हणून त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे. पहिला असा की लहान मुलाचे संगोपन हा कुटुंबाचा धर्म, त्यात सरकारने ढवळाढवळ केली तर आईबाप बेफिकीर होतील. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. दिवसभर राबून आलेल्या ज्या आईला मूल सुरक्षित ठिकाणी होते याची खात्री असते, ती संध्याकाळी त्याच्याशी अधिक बोलते, त्याच्या वजनाची चौकशी करते, त्याने शिकलेले गाणे ऐकते. जिच्या मनाला दिवसभर घोर लागलेला असतो तिच्याजवळ यासाठी त्राण उरत नाही. सुस्थित घरांतून आजी, मोलकरीण किंवा भरपूर फी घेणारे पाळणाघर असते, आणि त्यामुळे त्या आईबापांना कोणी बेफिकीर म्हणत नाही. गरिबाच्या घरी तीच मदत सार्वजनिक पैशातून पोहोचली तर ती कर्तव्यभ्रष्टता कशी ठरेल?

दुसरा आक्षेप खर्चाचा. पूरक आहारासाठी २०१७ साली ठरविलेला दर मुलामागे दिवसाला आठ रुपये होता, म्हणजे वर्षाच्या ३०० दिवसांचे २,४०० रुपये. एवढ्या रकमेत एका मुलाच्या अर्ध्या भुकेची जबाबदारी घेणारे सरकार खर्चिक आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल. खरा खर्च दुसरीकडे होतो. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालमृत्यूंचे जे भीषण सत्र झाले, त्यानंतर पथके, समित्या, दौरे आणि तातडीच्या योजना यांवर जे द्रव्य व श्रम वेचले गेले, ते आधीच दारापर्यंत पोहोचले असते तर कितीतरी मातांचे अश्रू वाचले असते. आणि बालपणी खुरटलेला मेंदू व देह पुढे कोणत्याही अनुदानाने भरून काढता येत नाही. ती हानी मुलाची, घराची आणि राष्ट्राची कायमची होते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. सहा वर्षांखालील मुलाच्या शिक्षणास आहाराप्रमाणेच हक्काचे स्वरूप द्यावे. मिशन शक्तीखालील पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची जी तरतूद आहे, ती डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत प्रथम आणि प्रत्येक पाड्यावर अमलात आणावी, तिच्या वेळा गावच्या मजूर स्त्रियांना विचारून ठरवाव्यात, आणि त्यासाठी दुसऱ्या सेविकेची नेमणूक करावी. आजच्याच सेविकेच्या पाठीवर आणखी सहा तास लादू नयेत. असंघटित मातेला बाळंतपणानंतर सहा महिन्यांची किमान मजुरी मिळावी. स्थलांतराच्या हंगामात अंगणवाडीने मुलाच्या मागे जावे. आणि सेविका व मदतनीस यांना शासकीय सेवेचा दर्जा, वेतन आणि निवृत्तिवेतन मिळावे.

या मागण्या नव्या नाहीत, हे मला मुद्दाम सांगावयाचे आहे. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात, हे कोसबाडने करून दाखविले. शिक्षकाने मुलामागे जावे, हे कुरणशाळेने करून दाखविले. आईच्या दिवसावर मालकाचा हक्क नाही, हे झरीच्या सभेने ठणकावून सांगितले. या तालुक्याने देशाला एक संस्था दिली आणि देशाने ती अर्धी घेतली. उरलेली अर्धी घ्यावयास लावणे हे आता या तालुक्याच्या ग्रामसभांचे, येथील शिक्षकांचे, येथील लोकप्रतिनिधींचे काम आहे. आदिवासी भागांतील स्वशासनासाठी केलेल्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या गावातील सामाजिक सेवांवर देखरेख करण्याचा अधिकार दिला आहे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने आपल्या अंगणवाडीच्या वेळेचा, तिच्या जागेचा आणि तिच्या सेविकेच्या मानधनाचा विषय पत्रिकेवर घ्यावा, ठराव करावा, त्याची प्रत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यास आणि जिल्हा परिषदेस द्यावी, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.